शून्यं न भरलेला ॲरे

वडील गेल्यावर त्यांचा आवाज एकाच ठिकाणी उरला होता, आईच्या फोनवर. बोटीवरून पाठवलेला छोटासा व्हॉइस मेसेज. इंजिनाच्या धडधडीत शब्द कळतच नव्हते. चर्चमधल्या त्याच्या वर्षाच्या मिसेआधी तो काय बोललाय ते मला ऐकव, एवढंच आईचं मागणं होतं.

कॉम्प्युटरवाला मुलगा कधीतरी कामाला यायला हवा, हे मलाही पटलं. चौक गावातल्या आमच्या घरात दर्याकडे पाठ फिरवलेला मीच एक. मला बोट लागते. एकदा तरी चल, असं वडील म्हणत राहिले आणि मी ऑफिसची सबब सांगत राहिलो.

आवाजातून इंजिन वेगळं काढायचं तर आवाजाचे तुकडे संमिश्र संख्यांत मांडावे लागतात. प्रत्येक संख्येचे दोन भाग, वास्तव आणि काल्पनिक. अशा संख्यांची लांबलचक रांग म्हणजे ॲरे. ऑफिसात वापरतो त्या भाषेत ॲरे मागितला की शून्यं भरूनच हातात येतो. इथे मी वेगासाठी जुनी भाषा घेतली होती. ती नुसती जागा देते, आधीचं काय पडलंय ते बघत नाही. बोटीतला मासळीचा खण धुतल्याशिवाय कोणी त्यात नवी मासळी टाकली तर वडील बोट डोक्यावर घ्यायचे. त्यांचा मुलगा नेमकं तेच विसरला.

प्रोग्राम चालतोय का पाहायला मी आधी माइकमध्ये स्वतःच बोललो होतो, "ऐकतोय, ऐकतोय." त्याच्या पाठोपाठ वडिलांचा मेसेज घातला.

रविवारी जेवणानंतर तो आईला ऐकवला. इंजिन गेलं होतं. वडील स्पष्ट बोलत होते, "वारा सुटलाय. उशीर व्हईल. जेवून घ्या. ऐकतंय का कोन?" आणि मागून, अगदी बारीक, माझा आवाज, "ऐकतोय, ऐकतोय."

आई माझ्याकडे बघतच राहिली. "तू कवा गेलतास बोटीवर?"

माझे जुने आकडे ॲरेत तसेच पडून होते, वडिलांचे त्यांच्यातच मिसळले. मी वास्तव आणि काल्पनिक, दोन्ही भागांत आधी शून्यं भरली आणि प्रोग्राम पुन्हा चालवला. आता वडील एकटेच होते. त्यांच्या प्रश्नानंतर काहीच नव्हतं. आईने ते शेवटपर्यंत ऐकलं आणि फोन माझ्या हातात दिला.

"पयलंच दे."

"आई, चूक हाय ती. मी न्हवतो तिथं."

"म्हाईत हाय," ती म्हणाली. "असू दे. तेवढा तरी गेलास बापासंगं."