तिसरं कोटेशन

कोणतीही वस्तू घ्यायची म्हटलं की आमचे घरमालक काका उजव्या हाताची तीन बोटं वर करायचे आणि विचारायचे, "कोटेशनं किती आली?" कुकरची रिंग आणायची असली तरी हाच प्रश्न. तुमच्याही पाहण्यात असा एखादा माणूस असेल. सरकारी कारखान्याच्या खरेदी विभागात आयुष्य काढलेला आणि निवृत्त होताना तो विभाग सोबत घरी घेऊन आलेला.

राजाजीनगरात त्यांच्या घराच्या खालच्या मजल्यावर आम्ही पाच वर्षं भाड्याने राहिलो. काका सोलापूरचे, काकू निपाणीच्या. साठीनंतर काकूंना ऐकू येईनासं झालं. कानातल्या यंत्रात नुसती खरखर यायची, म्हणून त्यांनी ते कपाटात ठेवून दिलं आणि माणसांचे ओठ वाचायला शिकल्या. मराठी वाचायच्या, कानडीही वाचायच्या. समोर उभं राहून बोललं की त्यांचं काही अडत नसे.

अडायचं ते दुपारी चार वाजता. निपाणीला त्यांच्या थोरल्या बहीण होत्या, अक्का. गुडघ्यांमुळे त्या घराबाहेर पडत नव्हत्या. दोघी रोज व्हिडिओ कॉलवर बोलायच्या, म्हणजे अक्का बोलायच्या आणि काकू बघायच्या. मध्येच चित्र अडकायचं. अक्कांचं तोंड उघडंच राहायचं आणि आवाज पुढे निघून जायचा. काकूंना आवाजाचा काय उपयोग? मग काका सांगायचे, अक्का काय म्हणाल्या ते. पण बहिणीचं बोलणं नवऱ्याकडून ऐकण्यात काय मजा? हळूहळू काकू चार वाजता मुद्दाम भाजी निवडायला बसू लागल्या. काकांनी ते पाहिलं आणि घरात ब्रॉडबँड घ्यायचं ठरवलं.

"तू सॉफ्टवेअरमधली. मला नीट समजावून सांग," ते मला म्हणाले.

एक कंपनी वेग सांगायची, पण आकड्यापुढे 'पर्यंत' लावायची. दुसरी सहा महिन्यांचे पैसे एकदम मागायची आणि राउटर फुकट द्यायची. तिसरीचा दर कमी, पण कर वेगळा, आणि सोबत कुणी न मागितलेले टीव्ही चॅनेल. काकांनी मोठ्या कागदावर रकाने आखले. चार दिवसांत त्या रकान्यांना पोटरकाने फुटले.

"मेगाबिट आणि मेगाबाइट एकच का गं?"

"नाही काका. आठपट फरक असतो."

"मग हा यातलं कुठलं सांगतोय?"

दहा वर्षं संगणकावर पोट भरणारी मी, आमच्या स्वतःच्या घरात कुठला प्लॅन आहे हे नवऱ्याला विचारायला खाली गेले. त्यालाही ठाऊक नव्हतं.

विक्रेते दर व्हॉट्सॲपवर पाठवत. काका त्यांची प्रिंट काढून, पाकिटात घालून, डिंकाने चिकटवून ठेवत. आधी तांत्रिक चाचणी, मग दर उघडायचे, असा नियम.

"पण काका, दर तुम्ही वाचलेत की."

"वाचलेत. उघडलेले नाहीत."

चाचणी अशी झाली. आमच्या गल्लीत तिन्ही कंपन्यांची गिऱ्हाइकं शोधून काका काकूंना एकेका घरी घेऊन गेले. काकू अनोळखी सोफ्यावर फोन धरून बसायच्या आणि मी रस्त्यावरून त्यांना कॉल लावून, आवाज बंद ठेवून, नुसते ओठ हलवायचे. "काकू, आज आमच्याकडे वांग्याची भाजी आहे." पलीकडून काकू मोठ्याने म्हणायच्या, "वांगी!" काका रकान्यात बरोबरची खूण करायचे. तिन्ही कंपन्या पास झाल्या. तिन्ही घरांत काकूंना कॉफी मिळाली.

मग पाकिटं उघडली आणि काकांच्या हिशेबाने सर्वांत स्वस्त ठरली ती कंपनी आली. चार वाजता अक्कांना कॉल लावला. दोन मिनिटांनी अक्कांचं तोंड उघडं राहिलं.

काकूंनी फोन खाली ठेवला आणि उठून आत गेल्या. काका त्या कागदाकडे बघत बसले. त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता. एवढं सगळं नियमाने करून चुकलं कुठे, हे त्यांना कळेना. मलाही कळेना.

तक्रार केल्यावर एक पोक्त तंत्रज्ञ आला. "लाइन सरी इदे, सार," त्याने तपासून सांगितलं. लाइन ठीक होती. मग सहज विचारलं, "आ कडे येनिदे, सार?"

काका कागदावरचे रकाने पुन्हा तपासत होते. काकूंनीच त्याच्या ओठांवरून वाचून सांगितलं, "पलीकडे काय आहे, विचारतोय तो."

पलीकडे अक्कांच्या माजघरात मोबाइलची रेंजच कशीबशी यायची. एवढ्या रकान्यांत निपाणीचा रकाना नव्हता. खरेदी विभागाने आयुष्यभर आपल्या दारापर्यंतचाच माल तपासला होता.

दुसऱ्याच दिवशी काका बसने निपाणीला गेले. तिथे अक्कांच्या गल्लीत दोनच कंपन्या. काका तिसरीसाठी दोन दिवस थांबले, कुणी आलं नाही. शेवटी त्यांनी तिसऱ्या रकान्यात 'उपलब्ध नाही' असं लिहून सही केली. जन्मात पहिल्यांदा नियम मोडला, असं त्यांनीच मला नंतर सांगितलं.

अक्कांकडे जोडणी झाली त्या दुपारी मी काकूंजवळ होते. पडद्यावर अक्का आल्या, काहीतरी बोलल्या, आणि काकू पोट धरून हसल्या. काय ते मला शेवटपर्यंत सांगितलं नाही. अक्कांच्या मागे काका उभे होते, हाताची दोन बोटं वर करून, जरा ओशाळलेले.

गेल्या वर्षी काका गेले. काकू निपाणीला अक्कांकडे राहायला गेल्या. आम्ही सर्जापूर रोडला फ्लॅट घेतला आणि जो पहिला फोन आला त्यालाच ब्रॉडबँडसाठी हो म्हणून टाकलं. जोडणी झाल्यावर मी काकूंना कॉल लावला. शेजारी अक्का होत्या.

"किती कोटेशनं घेतलीस?" काकूंनी विचारलं. मी एक बोट दाखवलं. त्यांनी मान हलवली. ते असते तर काय म्हणाले असते, हे आम्हा दोघींनाही माहीत होतं.

आवाज कापला तर अक्कांना कळेल म्हणून मी फोनचा आवाज बंद केला आणि पूर्वीसारखे नुसते ओठ हलवले. चित्र स्वच्छ होतं. काकूंनी सगळं वाचलं. मग त्या शेजारी वळल्या आणि मोठ्याने म्हणाल्या, "अक्का, हिला ह्यांची आठवण येते म्हणे."