सतव्यात शिवलेला कोट

ही गोष्ट सांगायची मी वीसेक वर्षं टाळली. दुबईच्या आठवणी निघाल्या की मी क्रीकवरचा वारा सांगतो, शुक्रवारच्या सुट्टीआधीच्या गुरुवारच्या संध्याकाळी सांगतो, आणि कुणी माझ्या इटालियन सुटाचा विषय काढला की चहा मागवतो. बायकोलाही हे इथे वाचूनच कळेल. आता सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा झालं तसं लिहून ठेवतो.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी एका संगमरवराच्या व्यापाऱ्याकडे सेल्समन म्हणून लागलो. गोदाम रास अल खोरला होतं. खांद्याला नमुन्यांची बॅग, आत दगडाचे वीत-वीतभर तुकडे, आणि मी शारजा, अजमान, कधी थेट फुजैरापर्यंत कॉन्ट्रॅक्टरांची ऑफिसं पालथी घालायचो. चार-पाच वर्षांत माझा डावा खांदा बोटभर खाली आला. मला ते माहीत नव्हतं. पहिला कोट शिवायला गेलो तेव्हा मास्तरांनी सांगितलं.

मास्तर वसईचे, कॅथलिक. सतव्यात, दुबईच्या एका जुन्या वस्तीत, एका अरबाच्या लायसन्सवर त्यांचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक कापायचं टेबल, दोन मशिनी, पाणी गळणारा एसी आणि त्याखाली ठेवलेला श्रीखंडाचा रिकामा डबा. वाफेच्या इस्त्रीचा ओलसर, उबदार वास अजून नाकात आहे. मला नुसत्या शर्टाचं माप द्यायचं असलं तरी खालच्या कॅफेटेरियातून कागदी कपात सुलेमानी, म्हणजे बिनदुधाचा चहा, यायची आणि तासभर मराठीत बोलणं व्हायचं. दिवसभर इंग्रजी आणि हिंदी बोलून आंबलेल्या जिभेला तेवढीच विश्रांती.

पहिल्या दिवशी त्यांनी मला आरशासमोर उभं केलं, दोन पावलं मागे गेले आणि म्हणाले, "साहेब, तुमचा उजवा खांदा मॅनेजर आहे आणि डावा हमाल. दोघांना एका कोटात बसवायचं म्हणजे अवघडच."

मी हसलो. त्यांनी तीन वेळा ट्रायलला बोलावलं. कोट अंगात घातला तर दोन्ही खांदे सारखे. डावीकडे त्यांनी जास्तीचा थर घातला होता, पण कडेला इतका पातळ करत नेला होता की हात फिरवूनही कळत नव्हता. आरशात मला पहिल्यांदाच मी मॅनेजरसारखा दिसलो. पुढे खरंच झालोही.

आमचा बॉस लेबनीज होता. एकदा एका मोठ्या मीटिंगआधी त्याने माझ्या कोटाची कॉलर बोटांत धरून पाहिली आणि विचारलं, "लंडन?" मी हसलो, एवढंच. हो म्हणालो नाही, नाहीही म्हणालो नाही. त्या दिवसापासून तो माझी ओळख करून देताना सांगायचा, हा आमचा सेल्स मॅनेजर, कोट लंडनला शिवतो. पाच-सहा वर्षं ते तसंच चाललं. मलाही ते आवडायला लागलं होतं.

मग दुबई मरीनाचे टॉवर उठायला लागले. त्यांच्या लॉब्यांसाठी दगड लागणार होता आणि बॉसला ते काम हवं होतं. त्याने फर्मान काढलं, "हबीबी, इटालियन दगड विकायचा तर सूटही इटालियन पाहिजे. खर्च कंपनीचा." किंमत निघाली सहा हजार दिरहमच्या आसपास. घरी सांगितलं तेव्हा बायकोने मनातल्या मनात गुणाकार केला आणि म्हणाली, पाऊण लाखाच्या वर, यात आपल्या मास्तरांनी अख्ख्या गल्लीला सूट शिवले असते.

त्याच आठवड्यात मी मास्तरांकडे गेलो होतो. त्यांची इमारत पाडायची होती. अरब दुसरं दुकान घेणार नव्हता, म्हणजे महिना-दीड महिन्यात त्या लायसन्सवरचा व्हिसा खलास. मास्तर तेव्हा पंचावन्नचे, गावी दोन मुली शिकत होत्या. कापड कापता कापता, वर न बघता ते म्हणाले, "साहेब, तुमच्या ओळखीत कुठे कटरची जागा असली तर शब्द टाका."

मी म्हणालो, "इन्शाल्ला."

बॉसने तीन इटालियन शिंपी निवडून ठेवले होते आणि पसंतीला तो स्वतः माझ्याबरोबर आला. पहिला मॉलमधला. त्याने कॅटलॉग उघडलं आणि माझं माप घेण्याआधी माझ्यासाठी बटणं निवडली. दुसरा तीन महिन्यांतून एकदा यायचा आणि हॉटेलच्या खोलीत ऑर्डर घ्यायचा. तो गोड बोलायचा, पण माझ्या अंगाकडे त्याने नीट पाहिलंच नाही. तिसरा जुमेराला एका व्हिलाच्या मागच्या खोलीत होता. साठीचा, बुटका, गळ्यात टेप. तो तिथे नवीन वर्कशॉप उघडत होता. त्याने आधी मला चालायला लावलं. मग अंगातला कोट काढून मागितला आणि तो सरळ उलटा केला.

आमच्या धंद्यात लादीची चकाकती बाजू कुणी बघत नाही, मागची बघतात. मी बॉसकडे पाहिलं, बॉसने माझ्याकडे. निवड तिथेच झाली.

शिंप्याने विचारून अस्तराची दोन इंच शिवण उसवली आणि आत बोट घातलं. खांद्यापाशी आल्यावर थांबला. चष्मा लावला. मोडक्या इंग्रजीत म्हणाला, हे सगळं हाताने केलेलं आहे. कुणी केलं?

"लंडन," बॉस अभिमानाने म्हणाला.

शिंप्याने मान हलवली. लंडनचा हात वेगळा असतो म्हणाला. मग त्याने बॉसला सोडलं आणि माझ्याकडे वळला. "मला असाच माणूस हवा आहे. व्हिसा देतो, राहायला जागा देतो. कुठे आहे तो?"

सतवा तिथून गाडीने दहा मिनिटांवर होतं. मास्तर त्या वेळी बहुतेक जेवणाचा डबा उघडत असतील. मी फक्त गल्लीचं नाव सांगायचं होतं. पण बॉस हसऱ्या चेहऱ्याने माझ्या उत्तराची वाट बघत होता, आणि सहा वर्षं लंडनचा म्हणून मिरवलेला कोट माझ्यासमोर टेबलावर उलटा पडला होता.

मी म्हणालो, "म्हातारा होता. वारला."

शिंप्याने कात्री खाली ठेवली आणि मास्तरांसाठी छातीवर क्रूस काढला.

नंतर तीन ट्रायल झाल्या. दुसरीला मी एकटाच होतो, सांगता आलं असतं. पण तो माझ्या डाव्या खांद्यावर टाचण्या लावत म्हणाला, तुझ्या त्या म्हाताऱ्याने केलं तसं जमतंय का बघतो. मी खांदा स्थिर धरून उभा राहिलो. तिसऱ्या ट्रायलला गेलो तर त्याच्या टेबलापाशी इटलीहून आणलेला एक कारागीर बसला होता.

मास्तरांना निरोप द्यायला गेलो तेव्हा मी तोच जुना कोट घालून गेलो. का, ते मला अजून सांगता येत नाही. दुकानात निम्मं सामान खोक्यांत गेलं होतं. मास्तरांनी सवयीने कोटाचा पल्ला उलटून पाहिला आणि त्यांचं बोट अस्तराच्या त्या दोन इंचांवर थांबलं. शिंप्याने ते पुन्हा शिवून दिलं होतं, मला तर फरकही दिसत नव्हता.

"कोणी उघडला होता, साहेब?"

"लॉन्ड्रीत उसवला असेल," मी म्हणालो.

त्यांनी कोट माझ्या अंगातून काढून घेतला आणि उजेडाकडे धरला. बराच वेळ बघत राहिले. "लॉन्ड्रीवाल्याचा हात नाही हा. शिकलेला माणूस आहे. भेटायला आवडलं असतं." एवढं बोलून त्यांनी कोट माझ्या खांद्यांवर चढवला आणि सुलेमानी सांगायला खाली गेले. मी खोटं बोललो ते त्यांना कळलं होतं. काय खोटं बोललो, ते कळायला मार्ग नव्हता.

मरीनाचं काम आम्हाला मिळालं. इटालियन सूट सुरेख झाला होता. मी तो चार वेळा घातला असेन.

भारतात परतल्यावर एकदा वसईला गेलो. घराच्या पडवीत मास्तर शाळेच्या गणवेशांना काजं करत बसले होते. त्यांना ओळख पटली ती माझ्या चालण्यावरून. मुली मार्गी लागल्या होत्या, मात्र एकीचं शिक्षण मध्येच थांबलं, असं सहज बोलण्यात आलं. मी निमित्त म्हणून कोट नेला होता, पोटावर बसत नव्हता. त्यांनी मला उभं केलं, डाव्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, "हमाल काय म्हणतो?"

वाक्य मी गाडीतच पाठ केलं होतं. "मास्तर," मी सुरुवात केली. त्यांच्या ओठांत टाचण्या होत्या. हलू नका म्हणून त्यांनी हात वर केला. मी हललो नाही. सगळ्या टाचण्या लावून झाल्यावर त्यांनी विचारलं, "काही म्हणत होतात, साहेब?"

"काही नाही. डाव्या बाजूला जरा सैल ठेवा."

पुढच्या पावसाळ्यात ते गेले, खरोखरचे. कोट त्यांच्या मुलीने पार्सलने पाठवला, पोटावर सैल करून, अस्तर पुन्हा शिवून.

गाडीत पाठ केलेलं वाक्य होतं ते असं: मास्तर, तुम्ही मागितलेली जागा मला सापडली होती, आणि मी तिथे तुम्ही वारलात असं सांगून आलो. मला माफ करा.