हवेत सोडलेला कप

सौदीतल्या अबकैकच्या कॅम्पवरून तेलाच्या प्लांटला जाणाऱ्या बसमध्ये तो रोज माझ्या शेजारी बसायचा. रत्नागिरीकडचा, पिकल्या दाढीचा वेल्डर. नाव मी कधी विचारलं नाही. सगळे चाचा म्हणत. पायरी चढण्याआधी तो छातीवरचा खिसा चाचपून इकामा, म्हणजे तिथं राहायचा परवाना, आहे ना ते बघायचा. त्याच खिशात वर्तमानपत्राचं एक जीर्ण कात्रण असायचं: दुर्बिणीतून तारे बघता बघता स्पेस शटलमधून वर गेलेल्या एका खगोलशास्त्रज्ञाचं.

"वर कसा गेला ते सोड," चाचा म्हणायचा. "परत आल्यावर काय केलान माहीत आहे? चहाचा कप हवेतच सोडलान. तरंगेल असं वाटलं त्याला!"

पुढे परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं घ्यायच्या सौदीकरणात त्याची जागा गेली. बावीस वर्षांनी फायनल एक्झिटचा, कायमचं परत जायचा शिक्का लागला, इकामा ऑफिसात जमा झाला. विमानतळाच्या गाडीत सामान चढवायला मी गेलो होतो. पायरीवर पाय ठेवताच त्याचा हात खिशाकडे गेला आणि चेहरा उतरला. मग आठवलं, तसा ओशाळून हसला.

"बघ, माझाही कप फुटला." त्याने कात्रण माझ्या खिशात सरकवलं. "तुला लागेल."

"चाचा, मी दोनच वर्षांसाठी आलोय."

"मीपण दोनच वर्षांसाठी आलो होतो, बाबा."