रीडिंगकाकांच्या गाडीचं ऑइल

रीडिंगकाकांनी एकतीस वर्षं लोकांच्या घरातले पाण्याचे मीटर वाचले. जिन्याखाली वाकून, न्हाणीघरात उकिडवं बसून, कुत्र्यांना चुकवत त्यांनी आकडे टिपले, आणि आपलं रीडिंग एकदाही चुकलं नाही असं ते स्वतःच सगळ्यांना सांगत. बिल जास्त आलं म्हणून कोणी भांडायला आलंच, तर काका त्याचं मनगट धरून त्याला परत मीटरपाशी नेत आणि आकडा मोठ्यांदा वाचायला लावत. असा माणूस निवृत्त झाला आणि बघावं तर त्याच्या स्वतःच्या गाडीचा मीटर बंद! किलोमीटरचा आकडा एका जागी अडकलेला, वेगाचा काटा शून्यावर आडवा. दुरुस्त का करत नाही असं विचारलं की म्हणायचे, जन्मभर मीटर वाचले, आता एक तरी गप्प बसू दे.

मीटरच बंद, तर ऑइल कधी बदलायचं हे कळणार कसं? काकांनी त्यावर तोडगा काढला होता. गाडी चालो न चालो, दर सहा महिन्यांनी ऑइल बदलायचंच. चालायची तरी किती हो ती? गुरुवारी भाजीबाजार, महिन्यातून एकदा दातांचा डॉक्टर, की झालं. बाकी सगळा वेळ ती छोटीशी गाडी अंगणात धुऊनपुसून उभी असायची. वाचनालयात काका रोज दहा वाजता चालत जात आणि एक वाजता चालत परत येत.

तारखेवरही त्यांचं भागत नव्हतं. दर रविवारी सकाळी ते बॉनेट उघडायचे, इंजिनातलं ऑइल मोजायची सळई बाहेर काढायचे आणि जुन्या बनियनच्या पांढऱ्या तुकड्यावर पुसायचे. तुकड्यावर तारीख घालायची, वाळवायचा आणि बिस्किटांच्या डब्यात ठेवून द्यायचा. ऑइल नवीन असताना डाग मधाच्या रंगाचा, सहा महिन्यांनी थोडा गडद, चहाच्या जवळ जाणारा. असे कैक डाग त्या डब्यात नांदत होते. काकू म्हणायच्या, लग्नातले फोटो कुठे आहेत ते सांगता येणार नाही यांना, पण तीन वर्षांपूर्वीच्या रविवारचा डाग विचारा, डोळे मिटून काढून देतील.

ऑइल बदलायचं ते एकाच ठिकाणी, गल्लीच्या टोकाला पत्र्याच्या शेडमधल्या मिस्त्रीकडे. बावीस वर्षांचा रिवाज होता. काका येणार म्हटलं की मिस्त्री स्टूल पुसून ठेवी. ऑइलचा डबा काकांच्या डोळ्यांसमोर फोडायचा, जुनं ऑइल त्यांच्या डोळ्यांसमोर काढायचं, आणि काका त्याचा एक थेंब दोन बोटांत चोळून मान हलवणार. मिस्त्री दर वेळी म्हणायचा की हे अजून वर्षभर चाललं असतं, आणि काका दर वेळी म्हणायचे की चाललं असतं, पण मी चालवलं नसतं. मग दोघं चहा घ्यायचे. काकांचा दूधवाल्यावर विश्वास नव्हता, बँकेवर नव्हता, घरातलं घड्याळ लावून देणाऱ्या सख्ख्या मेव्हण्यावर तर अजिबातच नव्हता. सगळ्या जगात विश्वास होता तो या एका माणसावर.

आणि त्याच विश्वासाला या खेपेस तडा गेला. ऑइल बदलून जेमतेम दुसरा महिना उलटला तोच डाग चहाच्या रंगाला आला. तिसऱ्या महिन्यात तो चॉकलेटी झाला आणि चौथ्यात चक्क काळा. आधी त्यांना वाटलं, आपले डोळेच गेले. म्हणून त्यांनी तुकडा स्वयंपाकघरात नेऊन काकूंपुढे धरला आणि रंग कसा दिसतो ते विचारलं. काकूंनी तुकड्याकडे पाहिलं, मग फोडणीकडे पाहिलं, आणि मधासारखाच तर आहे, असं म्हणून जोरात चमचा फिरवायला लागल्या. या बाईला मधातलं काही कळत नाही, असं मनाशी ठरवून काका बाहेर आले.

गाडी चालली तर नव्हती. पेट्रोलचा काटा कायम अर्ध्यावर, चाकं फरशीवरच्या त्याच दोन भेगांवर. मग ऑइल काळं होईल कसं? दोन दिवस काका नीट जेवले नाहीत. एकच उत्तर उरत होतं आणि ते त्यांना नको होतं. शेवटी तिसऱ्या दिवशी त्यांनी डबा काखेत मारला आणि तडक गॅरेज गाठलं. तिथे तीन गिऱ्हाइकं उभी होती. काकांनी कसलीही भीडभाड न ठेवता दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीच्या बॉनेटवर डाग ओळीनं मांडले आणि सगळ्यांदेखत मिस्त्रीला सुनावलं की या खेपेला तू मला कुणाच्या तरी गाडीतलं काढलेलं ऑइल भरलंस. बरं, ऑइलचा डबा तर त्यांच्यासमोरच फोडला होता! पण डोक्यात राख घातलेल्या माणसाला हे कोणी सांगायचं? ते म्हणाले, डबासुद्धा परत भरून आणता येतो.

मिस्त्रीचा चेहरा उतरला. शेवटचा काळा डाग उचलून त्यानं उजेडात धरून पाहिला.

"काका, मी असं करत नाही," एवढंच तो म्हणाला.

"मग काळं का झालं, ते सांग."

मिस्त्रीनं हात पुसले आणि मान खाली घालून पुन्हा गाडीखाली शिरला. गिऱ्हाइकांपैकी एकानं आपली गाडी नंतर आणतो म्हणून काढता पाय घेतला. काकांनी डाग गोळा केले. उत्तर नाही म्हणजे कबुलीच झाली, असा त्यांनी हिशोब लावला.

जेवताना त्यांनी काकूंना सगळं सांगितलं. उद्याच गाडी हमरस्त्यावरच्या मोठ्या सर्व्हिस सेंटरला न्यायची आणि त्या लबाडाच्या दारात पुन्हा पाऊल ठेवायचं नाही. बावीस वर्षं मला फसवत असेल, म्हणाले, आणि मी मूर्ख तिथे स्टुलावर बसून चहा पीत होतो. काकूंचा घास हातातच राहिला. मिस्त्री काय म्हणाला, असं त्यांनी दोनदा विचारलं. असं करत नाही, एवढंच म्हणाला, हे ऐकल्यावर त्या ताटावरून उठल्या आणि हात धुऊन खुंटीवरची किल्ली घेऊन आल्या.

"चला," त्या म्हणाल्या. "गाडीत बसा. शेजारच्या सीटवर."

काकांना वाटलं बायकोचं डोकं फिरलं. पंधरा वर्षांपूर्वी त्यांनीच तिला गाडी शिकवायला घेतली होती. तिसऱ्या दिवशी तिनं फाटकाला गाडी घासली आणि काकांनी भर रस्त्यात असा आवाज चढवला की शेजारपाजारचे खिडकीत आले. तुझ्यानं होणार नाही, उतर खाली, म्हणाले होते. तेव्हापासून काकू कधी स्टिअरिंगला शिवल्या नव्हत्या, म्हणजे काकांच्या माहितीप्रमाणे. आज मात्र त्यांनी गाडी सुरू केली, आरशात पाहिलं आणि फाटकातून अशी अलगद मागे काढली की काकांना खेकसायला जागाच मिळाली नाही.

दोन वळणं झाल्यावर त्या बोलायला लागल्या. पाच महिने झाले, म्हणाल्या. सुरुवातीला आठ दिवस मिस्त्री शेजारी बसला. परीक्षा दिली, लायसन्स मिळालं. तेव्हापासून रोज काका वाचनालयाकडे वळले की त्या गाडी काढायच्या आणि साडेबाराला भेगांवर आणून लावायच्या. जेवढं जळलं तेवढं पेट्रोल भरायचं, काटा अर्ध्यावर. सगळं सांभाळलं. ऑइलही काळं पडतं, हे मात्र त्यांच्या गावीही नव्हतं.

काकांनी डॅशबोर्ड घट्ट धरला होता. रोज जायचीस तरी कुठे, असं त्यांनी विचारलं.

"तलावापर्यंत. तिथे गाडी वळवायची आणि परत यायचं."

"बस?"

"बस. मजा येते हो." मग जरा थांबून त्या म्हणाल्या, "आणि गेल्या वर्षी तुम्ही दोनदा लाल दिवा तोडलात. तुम्हाला दिसलाच नाही. मी बोलले असते तर चार दिवस जेवला नसतात. म्हटलं, आपण शिकून ठेवावं. मिस्त्रीला मीच शपथ घातली होती, सांगायचं नाही म्हणून."

काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. त्यांना बायकोचा राग आला, मग स्वतःचा आला, आणि मिस्त्रीचा तो उतरलेला चेहरा आठवला तसं सगळं अंग लाजेनं तापलं. एका शब्दानं तो सुटला असता. त्यानं तो शब्द काढला नाही आणि गिऱ्हाइकांसमोर चोर ठरला.

काकूंनी गाडी वळवून गॅरेजपाशी आणली. तिथे तीनांपैकी दोन गिऱ्हाइकं अजून होती. काकूंना गाडी चालवत येताना पाहून मिस्त्रीच्या हातातला पाना खाली पडला. काका उतरले. गुपचूप बाजूला घेऊन बोलता आलं असतं, पण आरोप चारचौघांत केला होता.

"माझी चूक झाली," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "याच्या ऑइलमध्ये काही खोट नव्हती. या माणसाकडे डोळे मिटून गाड्या द्या."

एकतीस वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं, त्यामुळे ते जरा आडवंतिडवंच निघालं. मिस्त्रीनं पडलेला पाना उचलला. मग म्हणाला, "काका, दुसरं कोणी बोललं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. तुम्ही बोललात म्हणून लागलं." काकांनी मान हलवली. कुणी न सांगताच ते आत गेले, स्टूल स्वतः उचलून आणलं, स्वतःच पुसलं आणि मिस्त्रीपुढे ठेवलं. मिस्त्री बसला नाही, पण हसला, आणि नवा डबा घेऊन आला.

जुनं ऑइल डांबरासारखं काळं निघालं. काकूंनी ते डोकावून पाहिलं आणि पदर तोंडाला लावला. काम उरकल्यावर मिस्त्रीनं पुढची तारीख लिहायला चिठ्ठी काढली. सवयीनं सहा महिने मोजून त्यानं पेन टेकवलं, तेवढ्यात काकांनी त्याचा हात धरला.

"सहा नको," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी लिही. गाडी आता रोज चालणार आहे."

काकू स्टिअरिंगपाशी बसून आरसा नीट करत होत्या. तो नीटच होता, पण त्यांनी बराच वेळ तिकडेच तोंड करून तो हलवला, आणि काका निमूटपणे शेजारच्या सीटवर जाऊन बसले.