माळ वाढत होती

बारामतीच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी माझ्या बायकोच्या डोळ्याची पापणी ओढून बघितली, पोटऱ्या दाबल्या, आणि मला पहिला प्रश्न विचारला तो मला येडपटासारखा वाटला.

"आजोबा, ह्या कुठं साचलेल्या पाण्यात चालल्या होत्या का?"

"मॅडम, शेतकऱ्याची बाई हाय. पाण्याचिखलात न्हाय चालायची तर कुठं चालायची?"

"तसं नाही. गेल्या महिन्याभरात, पुराच्या पाण्यात?"

मग मी सांगितलं. व्हय, पुराच्या पाण्यात चालली. पण ते पाणी हितलं न्हवं, समुद्राच्या पल्याडचं.

रक्ताचे रिपोर्ट आल्यावर त्यांनी मला खुर्चीवर बसवलं. "लेप्टोस्पायरोसिस आहे," म्हणाल्या. मी चौथी शिकलेला माणूस. त्यांनी समजावलं तसं लिहितो. उंदीर पाण्यात मुततो, त्या पाण्यात जंतू असतात. आपण अनवाणी चाललो की पायाच्या भेगांतून, खरचटल्यातून ते रक्तात शिरतात. आधी ताप येतो, पोटऱ्या ठणकतात, डोळे लाल होतात. तेव्हाच ओळखलं तर औषधानं बहुतेक माणसं बरी होतात. ओळखलं नाही तर काहींचं लिव्हर बिघडतं, किडनी बंद पडते. डोळे पिवळे होतात ते तेव्हा.

"आणि गळ्यात हे काय आहे?" त्यांनी विचारलं.

"काविळीची माळ."

त्यांनी माळ बोटानं उचलून बघितली. नर्सला म्हणाल्या, "कापून काढा."

ही माळ म्हणजे काय ते सांगायला पाहिजे. आमच्या वरकुट्यात काविळीची माळ शेवंता द्यायची, म्हणजे माझी बायको. तिच्या आईकडून आलेली विद्या. घेटुळीच्या, म्हणजे पुनर्नवेच्या, मुळ्या खणायच्या, बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, दोऱ्यात एकेक तुकडा फासात धरायचा. ती माळ टोपीसारखी डोक्यावर ठेवायची. दिवस जातील तशी ती आपोआप वाढते, कपाळावरून गळ्यात येते, गळ्यातून छातीवर. माळ वाढली की कावीळ उतरली. रविवारी आमच्या दारात माळेगाव, कोऱ्हाळ्यापासनं मोटारसायकली लागायच्या. पैसा घ्यायचा नाही, चहासुद्धा शेवंता स्वतःच्या घरचा पाजायची. मुळ्या खणायचं काम माझं. माळ मात्र तिनं मला कधी बांधू दिली नाही.

आता त्या पाण्याचं.

आमचा थोरला दत्तू साखर कारखान्यात पॅनमन. म्हणजे कढईतला रस कधी दाणा धरतोय ते ओळखणारा. ऊस जिथं पिकतो तिथं आमच्या भागातली पोरं जातात. दत्तू गेला मादागास्करला. आफ्रिकेच्या बाजूला समुद्रात ते बेट आहे, देशच आहे आख्खा, पण दरिद्री. त्यानं आम्हाला बोलवून घेतलं होतं, तिकिटं काढून झाली होती. आणि तिथं वादळ आलं. दत्तूचा फोन लागेना. लागला तेव्हा म्हणाला, "आबा, नका येऊ. पत्रा उडालाय, प्यायला पाणी न्हाय."

शेवंता म्हणाली, "आता तर जायचंच. पोराला डोळ्यानं बघितल्याबिगर मला घास जायाचा न्हाय."

विमानात ती म्हणाली, "ह्यापरीस आपली एसटी बरी. खिडकी तरी उघडती."

तिथं उतरून गाडीनं निघालो. माती तांबडीलाल. मैलोन्‌मैल ऊस जमिनीला चिकटून पडलेला. घरांचे पत्रे झाडांच्या शेंड्यात. माणसं भाताच्या खाचरातनं भांडी शोधत होती. वशिंडाचे बैल आपल्यासारखेच, फुगून पाण्यात पडलेले. कुणी रडत नव्हतं. मला वाटलं होतं, रडण्याचा आवाज असंल. रडायचं संपलं होतं.

दत्तू धड होता. त्याच्या खोल्यांत गुडघाभर गाळ. शेजारच्या बाईचं तर घरच गेलं होतं, ती कारखान्याच्या गोदामात निजायची. शेवंतानं दुसऱ्या दिवशी लुगड्याचा काचा मारला आणि आधी त्या बाईचा भात गाळातनं उपसायला गेली. भाषा कळत नव्हती. ती तिच्यात बोलायची, ही हिच्यात. दोघी हसायच्याही.

एक दिवस त्या बाईनं स्वतःचे रबरी बूट काढून शेवंतापुढं ठेवले. पायाकडं बोट दाखवलं, मग डोळ्यांकडं, मग मान हलवली. शेवंतानं बूट परत तिच्याच पायाशी सरकवले.

मी म्हणालो, "घाल की, देतीया तर."

"अवो, तिच्याकडं येकच जोड हाय. जिचं समदं व्हावून गेलं तिचं पायताण मी घालू?"

ती बाई पुन्हा डोळ्यांकडं बोट करत होती. आम्हाला वाटलं, रडू येतंय म्हणत असंल.

दवाखान्याच्या खुर्चीवर बसल्यावर मला तिचं ते बोट आठवलं.

घरी आलो. आठवडाभरात शेवंताला ताप भरला. पोटऱ्या इतक्या दुखायच्या की जमिनीवर पाय टेकवेना. प्रवासाचा शीण म्हणालो. गावच्या डॉक्टरनं सुई टोचली, तापाच्या गोळ्या दिल्या. ताप उतरला, पुन्हा चढला. मग एके सकाळी तिनं भिंतीवरच्या आरशात डोळे बघितले आणि तिचा चेहराच खुलला.

"कावीळ हाय ही. उगं घाबरलो आपण."

गावाला बरं करणारी बाई. तिला कोण सांगणार, तुझं चुकतंय म्हणून? मीही सांगितलं नाही, मलाही तेच वाटत होतं. मी मुळ्या खणून आणल्या. स्वतःची माळ स्वतः बांधायची नसते, म्हणून पहिल्यांदा माझ्या हातात दोरा दिला.

"लग्नात मंगळसूत्राची गाठ भटजीनं धरून दिली. ही तरी सोता नीट मारा."

तेल बंद, हळद बंद. रोज ताज्या उसाचा रस. आणि माळ वाढली. कपाळावरून गळ्यात आली, छातीवर आली. शेवंता बोटांनी मोजून बघायची, आल्यागेल्याला दाखवायची. लघवी कमी झालीय म्हणाली तर मी म्हणालो, ताप आहे, पाणी आटणारच. मग लघवी बंदच झाली, तोंडाला सूज आली. तेव्हा गाडी केली.

दवाखान्यात क्रिएटिनिन नावाची तपासणी रोज व्हायची. किडनी जी घाण बाहेर टाकते ती रक्तात किती साचली, ते त्यातनं कळतं. ती चढतच होती. मग डायलिसिस, म्हणजे रक्त बाहेर काढून मशीनीतनं धुवायचं आणि परत अंगात सोडायचं. मी काचेतनं बघायचो. शेवंता कपड्यांना पीळ घालायची तसं काहीतरी असंल असं वाटलं होतं. नुसत्या नळ्या होत्या.

डायलिसिसनंतर एकदा तिला नीट शुद्ध आली. गळा चाचपला.

"माळ कुठाय?"

"काढली त्यांनी."

"किती वाढली हुती?"

"पोटापर्यंत."

"मग उतरली म्हणायची," ती म्हणाली आणि डोळे मिटले. माझ्याशी बोललेलं तेवढंच शेवटचं.

दुसऱ्या दिवशी फुप्फुसात रक्त उतरलं. श्वासाची मशीन लावली. डॉक्टरीणबाई बाहेर आल्या, माझ्या शेजारी बाकावर बसल्या. "आजोबा, आम्ही सगळं केलं. उशीर झाला होता."

मी विचारलं, "माळ घालून येळ घालवला, तेवढ्यानं गेली का?"

त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्या म्हणाल्या, "ते दिवस महत्त्वाचे होते."

दत्तू अग्नी द्यायला पोचला नाही. तिथला विमानतळ लांब, रस्ते वाहून गेलेले. अग्नी मी दिला.

दवाखान्यानं एका पिशवीत तिच्या वस्तू दिल्या. मंगळसूत्र, जोडवी, आणि ती कापलेली माळ. मी माळेला गाठ मारून ती खुंटीला अडकवली. तिचं शेवटचं लेणं म्हणून. महिन्याभरानं बघतो तर ती वीतभर आणखी खाली आली होती. तिच्यात मान नव्हती, कावीळ नव्हती, काही नव्हतं. तरी वाढली होती. मी हातात घेऊन बघितली. मुळी सुकते, बारीक होते, फास ढिला पडतो, दोरा मोकळा होतो. एवढंच. जन्मभर मी मुळ्या खणल्या आणि एवढं मला दिसलं नाही. त्या रात्री मी जेवलो नाही. नंतरही बरेच दिवस जेवणात काही राम नव्हता.

रविवारी माणसं यायची थांबली नाहीत. एक बाई नवऱ्याला घेऊन आली. उसाला पाणी धरणारा गडी, डोळे हळदीसारखे, अंगात ताप.

मी म्हणालो, "माळ न्हाय मिळायची. दवाखान्यात जावा. रगत तपासा."

"काकू असत्या तर असं बोलल्या नसत्या."

"काकू त्यानंच गेली."

"तुमाला द्यायची नसंल तर नका दिऊ, आबा. पर मेलेल्या माणसावर आळ घालू नका," ती म्हणाली आणि मोटारसायकल दुसऱ्या गावच्या माळवाल्याकडं वळली. त्याचं पुढं काय झालं मला माहीत नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी ठरवलं. पुढच्या रविवारी आला त्याला म्हणालो, "माळ देतो. पर ती बारामतीलाच बांधावी लागती. चल, मी मागं बसतो."

दवाखान्यात आधी त्याचं रक्त दिलं, पाण्यात चाललास का ते माझ्यासमोर डॉक्टरला सांगायला लावलं, आणि मग व्हरांड्यात त्याच्या डोक्यावर माळ ठेवली. डॉक्टरीणबाईंनी बघितलं. भडकल्या.

"आजोबा, तुम्ही? एवढं होऊन?"

"मॅडम, ही माळ न्हाय, दावं हाय. जनावर गोठ्यात आणायला दावं लागतं. ह्याच्याबिगर ह्यो हितवर आलाच नसता."

त्यांनी त्याच्या रक्ताची चिठ्ठी मागून बघितली. मग म्हणाल्या, "रक्त दिल्याशिवाय बांधायची नाही."

"न्हाय बांधत."

त्याची साधी कावीळ निघाली. पुढच्याची काय निघंल ते देव जाणे. मला ह्यातनं समाधान मिळतं असं कुणी म्हणू नका. मिळत नाही. घरी येतो तेव्हा चूल थंडच असते.

पण तुमच्या घरात कुणाला ताप आला, पोटऱ्या ठणकल्या, आणि ते माणूस पुराच्या, तुंबल्या पाण्यातनं चाललेलं असलं, तर डोळे पिवळे व्हायची वाट बघू नका. डॉक्टरनं विचारलं नाही तरी पाण्याचं आपण होऊन सांगा. आणि कुणी गरिबानं पायातलं काढून पुढं केलं तर घ्या. लाजू नका. त्याला तुमच्यापेक्षा जास्त कळलेलं असतं.

दत्तूला मी सांगितलंय, त्या बाईला बुटांचा नवा जोड घेऊन दे. शेवंताच्या मापाचा घे म्हणालो. दोघींचे पाय सारखेच होते.