वेगळ्या टेबलावरची श्रुजबेरी

ऐंशी-एक्क्याऐंशीचा हिवाळा असेल. अमेरिकेत, पार्सिपनीच्या औषधांच्या लॅबमध्ये माझा पहिला दिवस. जेवणाच्या सुट्टीत गार सँडविच कसंबसं गिळत होतो. शेजारून मराठी ऐकू आलं, "पुण्याचे ना तुम्ही? घ्या." पुढ्यात श्रुजबेरी बिस्किटांचा डबा. माझ्या वरिष्ठ शशिकलाताईंशी झालेली ही पहिली ओळख. त्यांना साठ वर्षं पूर्ण होत आहेत म्हणून आपलं इथलं मराठी मंडळ हा अंक काढत आहे. उशिरा का होईना, सुचलं म्हणायचं.

लॅबमध्ये नमुना बिघडला की ताईंनी कधी दुसऱ्याकडे बोट दाखवलं नाही. माझ्याकडे गाडी नव्हती, तर हिवाळाभर बर्फातून त्याच मला न्यायच्या-आणायच्या. पेट्रोलचा विषय काढला की म्हणायच्या, "गप्प बसा, पट्टा लावा."

बिस्किटं करायलाही मी त्यांच्याकडेच शिकलो. हे बिस्किट मूळचं इंग्लंडमधल्या श्रूजबरी गावचं. तिकडे त्यात अंडं घालतात, कधी विलायती शहाजिरंही. "साहेब गेला, बिस्किट पुण्यात राहिलं," ताई सांगतात. त्यांचे वडील कॅम्पातल्या एका बेकरीत भट्टीवर होते. त्यांच्या हातच्या बिस्किटांसाठी लोक रांगा लावायचे, आणि भट्टीवर कोण आहे हे रांगेतल्या कुणी विचारत नसे. ताई अंडं घालत नाहीत. लोणी-साखर पांढरीफेक होईपर्यंत फेसायची, मैदा घातला की मळायचं नाही, नुसता गोळा करायचा. कडांना रंग चढला की बाहेर. "मऊ लागतंय म्हणून परत आत ढकलू नका. गार झालं की खुसखुशीत होतं."

मंडळाच्या दिवाळीला त्या दरवर्षी डबा आणतात. पहिल्याच वर्षी विचारणा झाली, "अंडं आहे का हो?" ताई म्हणाल्या, "नाही." तरी डबा गेला दाराजवळच्या टेबलावर, कोटांच्या ढिगाशेजारी. ताई बौद्ध आहेत हे आडनावावरून सगळ्यांना कळलं होतं. फराळाच्या टेबलावर मात्र चकल्यांना खेटून सुपरमार्केटच्या कुकीज होत्या. मी खोका उलटून वाचला. अंडं होतं. दाखवलं, तर एक काकू म्हणाल्या, "अरे, विकतचं चालतं."

मला भयंकर राग आला, अजून येतो. पोरं कोटांच्या टेबलाकडे पळत होती, "आँटी, कॅन आय हॅव वन मोअर?" आणि ताई डबा पुढे करत होत्या. गाडीत मी विचारलं, "कशाला येता ताई इथे?" म्हणाल्या, "मराठी कानावर पडतं. आणि दुखतं, नाही असं नाही."

परवा समितीचा फोन आला. सत्काराला ताईंनी बिस्किटं आणावीत. "नेहमीसारखी बाजूला ठेवू, म्हणजे ज्यांना हवी ते घेतील." शाल-श्रीफळ कुठल्या टेबलावर ठेवणार, तेही ठरवून ठेवा, मी म्हटलं. डबा फराळात मध्यभागी मी स्वतः ठेवणार आहे. चालणार नसेल तर हा लेख छापू नका.

शशिकलाताई, तुम्हाला ठणठणीत तब्येत आणि भरपूर आयुष्य लाभो. आम्हाला शिकायला फार वेळ लागतो.