ओळ सोडून आलेल्या बाया

परवा दिग्रसला कापसानं भरलेला ट्रॅक्टर जवळून गेला. उन्हात तापलेल्या कापसाचा तो कोरडा, धुळकट वास आला आणि मी आर्णीजवळच्या आमच्या शेतात पोचले, शाळकरी वयाची.

कापसाचे भाव पडलेले ते दिवस. शेजारची सुनंदामावशी आमच्याकडे वेचणीला यायची. त्या दिवशी तिच्या डोळ्याखाली काळानिळा डाग होता. आईनं तिला आपल्या बाजूच्या ओळीत घेतलं.

दुपारी तिचा नवरा धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून, तरातरा आला. "घरी चाल," म्हणत त्यानं तिच्यावर हात उगारला. आई मधे उभी राहिली.

"माह्या बायकोले मी काही बी करीन. तुम्ही कायले मधात येऊन राह्यल्या?"

"हात लावून तर पाह्य," आई म्हणाली.

मग वेचणीवरची एकेक बाई आपली ओळ सोडून आली. ओटीतला कापूस तसाच. साऱ्या आईच्या बाजूला उभ्या राहिल्या. मला तेव्हा वाटलं, बाया भांडण बघायला जमल्या. आज कळतं, त्यातल्या कितीतरी जणी स्वतः घरी मार खात होत्या.

त्याचा हात खाली आला. सुनंदामावशी आईच्या मागून पुढे झाली. "येतो मी घरी. पण पुन्हा मारलं, त या साऱ्या जणी आपल्या दारात येतीन."

बायांना पुढे एकदाच सुनंदामावशीच्या दारात जावं लागलं. दार उघडलं ते त्याच्या म्हाताऱ्या आईनं. म्हणाली, "या वं बायांनो. मी तुमचीच वाट पाहून राह्यलती."